सुटून आलेल्याला सोबत कोणाची?



तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाच्या दारात आधी कोण येते? बहुधा जुना सोबती. त्याच्या हातात बाटली आणि तोंडी गोड शब्द असतात. वस्तीतली भली माणसे मात्र दार लावून घेतात. मग त्याने जावे कोणाकडे?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मित्राच्या वेषातले चार शत्रू सांगितले आहेत: नुसते घेणारा, नुसते बोलणारा, खुशामत करणारा आणि नाशाच्या वाटेवरचा सोबती. हा चौथा दारू, अवेळी भटकणे, खेळतमाशे आणि जुगार यांतच बरोबर असतो. त्याला पहिल्याच दिवशी नकार द्यावा. 'एकदाच' म्हणून घेतलेला पेला जुन्याच वाटेवर नेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतील दारू न पिण्याची प्रतिज्ञा अशा वेळी कवच ठरते.

पण नकार देणारा एकटा पडला तर किती दिवस टिकेल? अंगुलिमाल भिक्खू झाला, तरी भिक्षेला गेला असता त्याच्यावर दगड पडले. रक्तबंबाळ होऊन तो परतला. पण परतायला त्याला शास्ता होता, संघ होता. म्हणून त्याने पुन्हा शस्त्र धरले नाही.

आपल्या वस्तीतल्या माणसाला परतायला काय आहे? त्याला काम मिळवून द्या. विहारात वंदनेला शेजारी बसवा. मुलांसमोर त्याचा गुन्हा उगाळू नका. कुसंगत सोडणे हे त्याचे काम. सुसंगत देणे हे आपले.

जय भीम!