आधी बहिणीचा वाटा द्या

‘कुराण, समाज आणि रूढी’ या विषयावर तुम्ही लिहिलेले निबंध मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. कुणालाही गुण दिलेले नाहीत. मोबाइलवर आलेला मजकूर तुम्ही उतरवून काढलात आणि खाली आपलं नाव घातलंत. ज्यांच्या घरात कुराण रेहलवर ठेवलेलं असतं त्यांनी ते उघडलं नाही. ज्यांच्या घरात ते नसतं त्यांना ग्रंथालयात जाऊन अनुवाद मागावासा वाटला नाही. निकाल मात्र दोघांनीही देऊन टाकलाय. एकाने लिहिलंय, या ग्रंथात सगळंच वाईट. दुसऱ्याने लिहिलंय, प्रश्न विचारणंच पाप. ज्या ग्रंथाचा अर्थ लावण्यात पिढ्यान्‌पिढ्या विद्वानांनी आयुष्यं घालवली, त्याचा निवाडा तुम्ही दीड पानात केलात आणि डबा खायला गेलात. मला याची चीड आली आहे, आणि ती मी लपवणार नाही.

आधी पहिल्यांकडे वळते. सूरा तौबाची पाचवी आयत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी उतरवली आहे, कारण तिच्यात लढाईचा आदेश आहे. चौथी आयत वाचलीत? ज्यांनी करार पाळला त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत तुम्हीही करार पाळा, असं तिथे बजावलंय. सहावी वाचलीत? त्याच लोकांपैकी कुणी आश्रय मागायला आला तर त्याला आश्रय द्या आणि सुरक्षित जागी पोचवा, असं तिथे आहे. हा सगळा मजकूर इ.स. 631 च्या सुमाराचा, मक्का हाती आल्यानंतरचा, करार मोडणाऱ्या अरब टोळ्यांबद्दलचा. मागची ओळ कापायची, पुढची कापायची आणि मधली तेवढी लोकांपुढे नाचवायची, याला मी वाचन म्हणत नाही. ही खोटी साक्ष आहे. ज्या अतिरेक्यांच्या नावाने तुम्ही बोटं मोडता, तेही त्याच आयतीच्या मागचं-पुढचं असंच कापतात. तुमचा आणि त्यांचा ग्रंथ वाचण्याचा रिवाज एक झाला, याची लाज वाटू द्या.

आता दुसरे. ‘कुराण शाश्वत आहे, म्हणून त्याचा काळाशी आणि समाजाशी संबंध जोडणं म्हणजे ईमान कच्चं असणं,’ असं तुम्ही ठामपणे लिहिलंय. हे तुम्हाला कुणी शिकवलं? अकराव्या शतकात निशापूरच्या अल-वाहिदी यांनी कोणती आयत कोणत्या प्रसंगी उतरली याचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो काय ईमान कच्चं होतं म्हणून? कुठली सूरा मक्केतली, कुठली मदिनेतली, हे प्रत्येक तफसीरकार, म्हणजे कुराणाचा भाष्यकार, आधी सांगतो, ते कशासाठी? मक्केत मूठभर, छळले जाणारे लोक होते. मदिनेत त्यांना घरं, बाजार, शेजारी, तंटे, विधवा, अनाथ मुलं असं सगळं सांभाळायचं होतं. शब्द कुणाला आणि कुठल्या अडचणीत सांगितला, हे समजून घेतल्याशिवाय तो आज आपल्याला काय सांगतो हे कळणार नाही, एवढी साधी गोष्ट त्या लोकांना हजार वर्षांपूर्वी कळत होती.

चोरीची शिक्षा कुराणात स्पष्ट आहे. तरीही अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला तेव्हा खलिफा उमर यांनी ती अमलात आणणं थांबवलं, असं इस्लामी परंपराच सांगते. भुकेने चोरणाऱ्याचा हात तोडण्यात न्याय नाही, हे त्यांना दिसलं. उमर यांच्यापेक्षा आपलं ईमान पक्कं आहे असं वर्गात कुणाला म्हणायचं असेल तर त्याने उभं राहावं.

तुमच्यातले कोकणातले जे आहेत, रत्नागिरी-रायगडकडचे, ते शाफई पंथाचे. तुमच्या त्या इमामांची एवढी तरी माहिती असावी, की बगदादमध्ये दिलेली आपली कितीतरी मतं त्यांनी मिसरमध्ये गेल्यावर बदलली. नवे पुरावे हाती आले, नवी माणसं भेटली, वेगळा समाज पाहिला. शाफई फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत आजही त्यांची जुनी मतं आणि नवी मतं वेगवेगळी नोंदवलेली असतात. इ.स. 820 मध्ये ते गेले. स्वतःचं मत बदलण्याचं धैर्य त्या माणसात होतं, आणि तुम्ही त्यांचं नाव लावून विचार करायला नकार देता. घाटावरचे आणि मराठवाड्यातले बहुतेक जण हनफी. एकोणिसाव्या शतकात दमास्कसला इब्न आबिदीन नावाचे मोठे हनफी विद्वान होऊन गेले. त्यांनी ‘उर्फ’वर, म्हणजे लोकांच्या चालीरीतींवर, अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्या काळातल्या लोकांचे व्यवहार ज्याला ठाऊक नाहीत त्याने फतवा देऊ नये, हे त्यांचं म्हणणं. आणि चालीरीतीला लगाम घालणारेही हेच लोक. स्पष्ट आयत आणि चालरीत यांत विरोध आला तर चालरीत मागे सरेल, हा नियम त्यांनीच घालून दिला.

हा नियम नीट ऐका, कारण माझा खरा राग इथून पुढे आहे.

तुमच्यापैकी काही जणांनी आजीवर निबंध लिहिलाय. आजी दर्ग्यावर चादर चढवते, उरूसाला जाते, मोहरमात पंजांपुढे हात जोडते, म्हणून ती अज्ञानी, तिची श्रद्धा हिंदूंकडून आलेली, ती शिर्क करते, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवते. त्या आजीने कुणाचं काय घेतलं? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, त्या मातीतली ही माणसं. दर्ग्याबद्दल तुमचं मत वेगळं असू शकतं, त्यावर विद्वानांत जुना वाद आहे, तो अभ्यासून मांडा. मी अडवणार नाही. पण इथल्या चालीरीती निवडून काढायला बसलात, तर तुमच्या डोळ्यांना आजीची अगरबत्तीच तेवढी दिसली? भावाच्या लग्नात घेतलेली मोटारसायकल दिसली नाही? सूरा निसाच्या चौथ्या आयतीत बायकांना त्यांचा मेहर खुशीने द्या असं सांगितलंय. देणारा नवरा, घेणारी बायको. तुमच्या घरी पैसा उलट्या दिशेने वाहतो. मुलीचा बाप जहेज देतो, हॉलचं भाडं भरतो, जेवणावळ घालतो. मेहरचा आकडा निकाहनाम्यावर पडून राहतो आणि नवरा मेला की जनाज्याजवळ विधवेला ‘माफ केला’ असं म्हणायला लावतात. ही चाल इस्लामी आहे का, असा प्रश्न एकाही निबंधात नाही. आजी गरीब होती, एकटी होती, तिला बोलणं सोपं होतं. बापाला विचारायची हिंमत झाली नाही.

आणि आता वारसाहक्क. यावर तुम्ही सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय: इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी स्त्रीला वारसाहक्क दिला. वाक्य खरं आहे. ते लिहिण्याचा अधिकार तुम्ही कमावलेला नाही.

ती आयत कशी आली ते ऐका. इ.स. 625 ची उहुदची लढाई. तिच्यात साद इब्न रबी मारले गेले. मागे बायको आणि दोन मुली. तेव्हाच्या अरबांची रीत अशी, की जो घोड्यावर बसून लढतो तो वारस. बायका आणि पोरं वारस नाहीत. त्या रीतीप्रमाणे सादच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. हदीसग्रंथांत ही हकिकत आहे. सादची विधवा दोन्ही मुलींना घेऊन पैगंबरांकडे गेली आणि म्हणाली, यांच्या काकाने काहीच ठेवलं नाही, पैशांवाचून यांची लग्नं कशी होणार? त्यानंतर वारसाहक्काची आयत उतरली. पैगंबरांनी त्या काकाला बोलावून घेतलं. दोन मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला एक अष्टमांश दे, आणि उरेल ते तुझं. चोवीस हिश्श्यांतले सोळा मुलींचे, तीन आईचे, पाच काकाचे. सगळं गिळून बसलेल्या माणसाच्या हातात पाच हिस्से राहिले. समाजाची रूढी आणि कुराणाची आयत समोरासमोर आली तेव्हा काय घडलं, त्याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. एक बाई दोन पोरींचे हात धरून जाते, आपल्या जमातीच्या रीतीविरुद्ध तक्रार करते, आणि रीत मोडते.

पुढे मुंबईत काय झालं? 1847 साली खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुली तिथल्या सुप्रीम कोर्टात गेल्या. कुराणाप्रमाणे बापाच्या मालमत्तेत आम्हाला वाटा द्या, एवढीच त्यांची मागणी. समोर त्यांच्याच घरातले पुरुष उभे. त्यांनी काय सांगितलं? आमच्या जमातीत मुलींना वाटा देण्याची चाल नाही. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी चाल मान्य केली, मुली हरल्या. बापाच्या घरातून पोटगी आणि लग्नाचा खर्च, एवढ्यावर त्यांना गप्प बसावं लागलं. सादच्या भावाचा युक्तिवाद बाराशे वर्षांनी मुंबईच्या कोर्टात जिंकला, आणि तो करणारे मुसलमान पुरुषच होते. 1937 चा शरियत कायदा आला तो अशा चालींना बाजूला सारून शरियत लागू करण्यासाठी. त्यातूनही शेतजमीन वगळली गेली. ज्या देशात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे जमीन, तिथे जमीनच वगळली. तेव्हा ‘शरियत धोक्यात’ अशी आरोळी कुणी ठोकली?

आजही तलाठ्याकडे जा. वारस नोंदीला बहिणींची नावं लागतात आणि लगोलग हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या जातात. भाऊ म्हणतो, माहेर तुटेल. आई म्हणते, ईदला दोन दिवस यायला दार उघडं राहू दे. बहीण सही करते. मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा का, यावर तुमच्यातल्या दोघांनी जोरात लिहिलंय. ट्युनिसच्या ताहिर हद्दाद यांनी 1930 मध्येच पुस्तक लिहून मांडलं होतं, की हा हिशेब त्या काळच्या समाजरचनेशी जोडलेला आहे, रचना बदलली तर हिशेबावर पुन्हा विचार व्हावा. जैतुना मशिदीच्या उलेमांनी त्यांना छळलं. हा गंभीर वाद आहे, तो करा, मला हवाच आहे. हद्दाद यांच्या बाजूने बोललात तर मला आनंदच होईल. पण तुमच्या घरात तर ठरलेला अर्धासुद्धा दिलेला नाही. अर्धा बुडवून पूर्ण की अर्धा यावर भाषणं देणारा माणूस मला ऐकवत नाही.

याच्या उलटही झालंय. जे कुराणात नाही ते कुराणाच्या नावावर चालवलं गेलं. सूरा बकरामध्ये तलाकची रीत टप्प्याटप्प्याची आहे. मध्ये थांबायचं, परत फिरायला जागा ठेवायची. सूरा निसामध्ये नवऱ्याच्या घरचा एक आणि बायकोच्या घरचा एक, असे दोन पंच बसवायला सांगितलंय. एका दमात तीनदा म्हणून बाईला उंबऱ्याबाहेर काढण्याची सोय त्यात कुठेच नाही. इब्न तैमिया चौदाव्या शतकात म्हणून गेले, की असे तीन म्हणजे एकच धरावा. तरी चाल चालूच राहिली. 18 एप्रिल 1966 रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. सात बायका! त्यांना आणि दलवाईंना ‘इस्लामचे शत्रू’ म्हणून घेत जगावं लागलं. दलवाईंनी ग्रंथाचा आधार मागितला नाही, त्यांची भूमिका निखळ सेक्युलर होती. इस्लामचे अभ्यासक असगर अली इंजिनिअर यांनी आयतींवर बोट ठेवूनच भांडण मांडलं. दोघांनीही शिव्या खाल्ल्या. सुप्रीम कोर्टाने 22 ऑगस्ट 2017 ला तीन विरुद्ध दोन अशा मतांनी एका दमातल्या तीन तलाकची ती चाल मोडली, तोवर किती बायका रस्त्यावर आल्या असतील याचा विचार करा. त्या बायकांना कुराणाने नव्हे, कुराण न वाचता त्याच्या नावाने बोलणाऱ्यांनी बाहेर काढलं.

हे ऐकताना वर्गातली काही हिंदू मुलं सुखावली आहेत. मला इथून तुमचे चेहरे दिसतात. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. तुमच्या आत्याचं नाव सातबाऱ्यावर आहे? की तिनेही त्याच तलाठ्यापुढे त्याच हक्कसोडपत्रावर सही केली? दुसऱ्याच्या ग्रंथात खोट शोधायला निघालेल्यांनी आधी आपल्या घरची फेरफार नोंद वाचावी. याबाबतीत या मातीतले सगळे भाऊ एकाच धर्माचे आहेत.

मुलींनो, तुम्हाला मी वेगळं सांगते. तुमचे निबंध सगळ्यांत सावध होते. कुणी दुखावेल अशी एकही ओळ तुम्ही लिहिली नाही. ती भीती मला समजते, पण मान्य नाही. सादची बायको भीती घेऊनच गेली असेल. अनुवाद वाचा, एकच नको, दोन-तीन शेजारी ठेवून वाचा. जिथे ते वेगळे पडतात तिथे खूण करा आणि विचारत सुटा: मौलानांना विचारा, वकिलांना विचारा, मला विचारा. ज्या आयतीने तुमचा हक्क सांगितला ती तुम्हालाच पाठ नसेल, तर कागदावर सही घेणाऱ्याला तुम्ही काय उत्तर देणार?

आणि मुलग्यांनो, ईमानाच्या गप्पा मारायच्या तर सुरुवात घरापासून करा. या सुट्टीत वडिलांसमोर बसा आणि विचारा, फुफूचा, म्हणजे आत्याचा, वाटा कुठे गेला. आईचा मेहर दिला का, तेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका. बहिणीचं नाव कागदावर चढेपर्यंत कुराण, समाज आणि नीती यांवर तुमचं एकही व्याख्यान मी या वर्गात होऊ देणार नाही.