काडीतला घड

निफाड तालुक्यातल्या एका गावात तात्यांची द्राक्षबाग होती. दोन प्लॉट, दोन्ही थॉमसनचे. एक विहिरीजवळचा, दुसरा ओढ्याकाठचा. घरात दोन नातवंडं. सोहम बारावी सायन्सला आणि त्याची बहीण गौरी दहावीला.

सोहमला दहावीत भरघोस मार्क पडले होते. शाळेच्या फळ्यावर नाव लागलं, गावात पेढे वाटून झाले आणि मग प्रत्येक पाहुणा एकच सल्ला देऊन गेला. "दहावीला फार घासलीस बाबा, आता अकरावी जरा निवांत घे. अकरावीचे मार्क कोण विचारतो? बारावीला बघू." अख्ख्या महाराष्ट्रात फुकट मिळणाऱ्या सल्ल्यांत याच्याइतका महाग पडणारा दुसरा सल्ला नसेल. सोहमला तो फारच पटला. अकरावीत त्याची हजेरी लागत होती, वह्यांना कव्हरं होती, क्लासची फी वेळेवर जात होती. लॉज ऑफ मोशन शिकवायला घेतलं तेव्हा गणपतीची आरास चालू होती. केमिकल बॉण्डिंगच्या आठवड्यात मामाचं लग्न निघालं. वार्षिक परीक्षेत तो पास झाला. अकरावीत नापास व्हायचं तर वेगळे कष्ट घ्यावे लागतात.

बारावी सुरू झाली आणि तो खडबडून जागा झाला. जेईई द्यायची, सीईटी द्यायची, बोर्डालाही नव्वदच्या पुढे जायचं असं ठरलं. त्याने नाशिकहून मोठा ड्रॉइंग पेपर आणला, चार रंगांची स्केचपेनं आणली आणि दोन दिवस खपून वेळापत्रक तयार केलं. पहाटे चार ते रात्री अकरा. फिजिक्स निळं, केमिस्ट्री हिरवं, मॅथ्स लाल. चौथा रंग रिव्हिजनचा. चार्ट असा देखणा झाला, की आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवला. शेवटच्या रकान्यात मात्र पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अकरावीचा बॅकलॉग'. समोर तारीख होती जूनअखेरची. जुलैत ती खोडून पंधरा ऑगस्ट झाली, मग गणपतीनंतर, मग घटस्थापना. खोडरबराने तेवढ्या जागेचा कागद पातळ झाला होता.

तात्या चार्टसमोर रोज उभे राहायचे. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण एक दिवस त्यांनी विचारलंच, "बाकी सगळं शाईत आणि हे एकच पेन्सिलीत का रे?"

सोहम म्हणाला, "ते नंतर करायचंय, तात्या."

तात्या काही बोलले नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी मात्र एका सकाळी त्यांनी त्याला गाडी काढायला लावली. पिंपळगावला काड्या तपासायला न्यायच्या होत्या.

द्राक्ष कसं पिकतं हे बागायतदाराच्या घरातल्या पोरालाही नीट ठाऊक असतंच असं नाही. बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. ऑक्टोबरच्या आसपास होते ती गोडी छाटणी. तिच्यानंतर फुटीबरोबर घड दिसतात, चार-साडेचार महिन्यांत माल तयार होतो, व्यापारी बांधावर येतात. म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. एप्रिलमधली ती खरड छाटणी. काडी अगदी आखूड कापतात, नवी फूट येते, आणि त्या हंगामात एक मणीही हाती लागत नाही. नुसता खर्च. पण पुढच्या हंगामाचा घड तेव्हाच ठरतो. छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, वाढणाऱ्या काडीच्या डोळ्याच्या आत, तो धरला जातो किंवा धरला जात नाही. बाहेरून दोन्ही डोळे सारखेच टपोरे दिसतात.

त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला होता. ऊन नाही, पानांवर सतत ओल. ओढ्याकाठच्या प्लॉटमध्ये पाणी साचून राहिलं होतं. तात्यांच्या मनात धाकधूक होती.

प्रयोगशाळा म्हणजे एक छोटी खोली. टेबलावर सूक्ष्मदर्शक, ब्लेडची पाकिटं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले काड्यांचे जुडगे. प्रत्येक जुडग्याला शेतकऱ्याचं नाव आणि प्लॉटची चिठ्ठी. तिथल्या ताईंनी विहिरीजवळच्या प्लॉटची काडी घेतली, खालून डोळे मोजले आणि एकेक डोळा ब्लेडने अलगद उभा कापून भिंगाखाली धरला. सोहमला बघू दिलं. हिरव्या पापुद्र्यांच्या आत बारीकशी गाठ होती. "हा घड," ताई म्हणाल्या. "पाचव्या, सहाव्या, सातव्या डोळ्यावर चांगला आहे. त्याच्या पुढेच काप घ्या."

मग ओढ्याकाठची काडी आली. काडी चांगली जाड होती, डोळे भरलेले. ताईंनी डोळ्यामागून डोळा कापला. कुठे काहीच नाही, कुठे नखाएवढी आशा. दुसरी काडी, तिसरी काडी, तोच प्रकार. त्यांनी कागदावर आकडे मांडले आणि तो तात्यांच्या हाती दिला.

परतताना सोहम गाडी चालवता चालवता म्हणाला, "तात्या, ओढ्याकाठच्या प्लॉटला पेस्ट जरा जास्त लावली तर?"

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. तात्या म्हणाले, "पेस्टनं डोळा फुटतो, पोरा. घड फुटत नाही. आत धरलाय तेवढाच बाहेर येणार."

"मग आता?"

"आता काय? आपल्याला कळलं ना कुठं आहे आणि कुठं नाही. विहिरीजवळचा प्लॉट जीव लावून करायचा. ओढ्याकाठच्याला फवारणी बेताची, खर्च बेताचा, जो येईल तो घड जिरू द्यायचा नाही. आणि पुढची खरड मन लावून करायची. न तपासता छाटणारे आहेतच की गावात. ते दोन्ही प्लॉटवर सारखंच औषध ओततात आणि मार्चमध्ये नशिबाला शिव्या देतात."

सोहम उरलेल्या रस्त्यात गप्प होता. त्या रात्री त्याने चार्ट भिंतीवर तसाच ठेवला आणि सीईटीचा एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवला. नंतर चूक-बरोबरचा हिशेब एकूण मार्कांत न मांडता प्रकरणवार मांडला. हे काम कंटाळवाणं असतं आणि टेस्ट सिरीज लावणारी बहुतेक मुलं नेमकं हेच टाळतात; किती पडले ते पाहतात आणि पुढच्या पेपरकडे वळतात. सोहमला दिसलं ते असं. बारावीचं रोटेशनल डायनॅमिक्स त्याला अडत होतं, कारण अकरावीतली वर्तुळाकार गती कच्ची होती. डेरिव्हेटिव्हची सूत्रं पाठ होती, पण लिमिट्स डोक्यात नव्हत्या. चार्टवर ज्या विषयाला सगळ्यात जास्त तास होते त्या केमिस्ट्रीत तो मुळात बराच बरा होता. आवडतं म्हणून तो तेच करत बसला होता.

मग त्याने परीक्षांकडे नीट पाहिलं. सीईटीच्या पीसीएम गटात एकूण 200 मार्क. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे 50-50 प्रश्न, प्रत्येकी एक मार्क, दोन्ही मिळून 90 मिनिटांत. मॅथ्सचे 50 प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, त्यालाही 90 मिनिटं. म्हणजे निम्मे मार्क एकट्या मॅथ्सचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. अकरावीचा भाग साधारण 20 टक्के, तोही ठरावीक प्रकरणांतून. बाकी 80 टक्के बारावी. जेईई मेनचं गणित निराळं. 75 प्रश्न, 300 मार्क, बरोबरला चार आणि चुकलं तर एक वजा. दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम, कुठलं वर्ष किती याची सवलत नाही. पहिलं सत्र जानेवारीत, म्हणजे त्याच्या हातात उरले होते जेमतेम तीन महिने.

(डॉक्टर व्हायचं असलेल्या मुलांनी इथे थांबून ऐकावं. नीटमध्येही अशी 20 टक्क्यांची पळवाट नाही. 180 प्रश्न, 720 मार्क, चुकीला वजा एक, आणि अकरावी-बारावी दोन्हींवर भार. अकरावी हातची गेलेल्या मुलाला तिथे फार जड जातं.)

सोहमने निर्णय घेतला. जेईईचा फॉर्म भरायचा, परीक्षाही द्यायची, पण तिच्यासाठी वेगळी रात्र जागवायची नाही. अकरावीतलं सगळं करायला जायचं नाही; सीईटीला जी प्रकरणं आहेत तेवढीच घ्यायची, आणि त्यातही ज्यांच्यावाचून बारावी अडते ती आधी. मॅथ्सला सकाळची ताजी वेळ. दर रविवारी एक पेपर घड्याळ लावून, आणि सोमवारी त्याची प्रकरणवार चिरफाड. नवा चार्ट त्याने वहीच्या एका पानावर केला, एकाच पेनाने. रोज चौदा तासही त्यात नव्हते. ते पाहून आईला जरा वाईट वाटलं.

तात्यांनी मध्येच दुसरा पेन्सिलीतला रकाना शोधून काढला. कॉलेजने जात पडताळणीच्या अर्जाची नोटीस केव्हाच लावली होती आणि सोहमने तीही 'नंतर'वर टाकली होती. घर ओबीसीत मोडणारं. जातीची नोंद दाखवणारा पुरावा 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा असला की काम सोपं होतं. तात्या म्हणाले, "मी 1961 ला पहिलीत बसलोय, चल." गावच्या मराठी शाळेत मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी पडलेली. एका ओळीत तात्यांचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद. वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकलेली निघाली. तेवढ्या वेलांटीसाठी प्रतिज्ञापत्र, दोन हेलपाटे आणि बरेच आठवडे गेले. ऑक्टोबर होता म्हणून जाऊ शकले. हीच वेलांटी जून-जुलैत कॅप राउंडच्या तोंडावर सापडली असती तर सीईटीचे मार्क असूनही राखीव जागेवरचा दावा गोत्यात आला असता. दरवर्षी पडताळणी समितीच्या कार्यालयापुढे जी गर्दी उसळते ती बरीचशी अशा वेलांट्यांची असते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड झालं, मग सीईटी झाली. सोहमचा पर्सेंटाइल बरा आला, पेढे वाटण्याइतका नाही. कॉम्प्युटर मिळालं नाही. नाशिकमध्येच मेकॅनिकलला प्रवेश मिळाला आणि पोरगं खुशीने गेलं. एक वर्ष ड्रॉप घेऊन पुन्हा जेईई देण्याची गोष्ट घरात दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी त्यानेच बंद केली. माझ्या मते ठीक केलं. वेलीला पुढचा एप्रिल आपोआप मिळतो. पोराचं वर्ष घराला विकत घ्यावं लागतं. बागेत विहिरीजवळच्या प्लॉटने वर्षाचा खर्च काढून दिला. ओढ्याकाठच्या प्लॉटमध्ये माल कमी निघाला, पण तिथे औषधावर उधळपट्टी केली नसल्याने कर्ज वाढलं नाही.

गौरी त्याच जूनमध्ये अकरावीत गेली. पेढे खाऊन झाल्यावर पाहुणे तेच म्हणाले, "अकरावी जरा निवांत घे." तात्या ओसरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "निवांत घेईल की. बारावीत घेईल."

गौरीने चार्ट केला नाही. प्रत्येक प्रकरण संपलं की त्यावरचे सीईटीचे जुने प्रश्न सोडवायचे आणि अडलेले प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहायचे, एवढाच तिचा नेम. ते पान भरलं की सरांकडे जायचं. गणपतीत तिनेही आरास केली, मामाकडच्या बारशालाही गेली. फक्त परत आल्यावर राहिलेला भाग त्याच आठवड्यात भरून काढला. तिच्या पडताळणीला सोहमचं प्रमाणपत्र जोडता आलं, वेलांटीचं लचांड उरलंच नव्हतं.

तुमच्या घरी कोणी अकरावीत असेल तर या रविवारी त्याच्याकडून आतापर्यंत शिकवलेल्या प्रकरणांवरचा एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवून घ्या. मार्क विचारू नका, अडलेली प्रकरणं विचारा आणि ती लिहून ठेवा. राखीव जागेवर अर्ज करायचा असेल तर आजोबांच्या शाळेतला उतारा आताच काढून आणा, आणि नावातल्या वेलांट्या शाळेतच उभ्या राहून वाचा. रविवारी शाळेची कचेरी बंद असते, तेव्हा सोमवारी जा.