थकल्या श्रोत्याचा अधिकार

बाहेरगावच्या माणसाला कोल्हापूर बहुतेक वेळा कामापुरतेच भेटते. कुणी शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कास्टिंगच्या रिजेक्शनवरून दोन-तीन दिवस डोके पिकवतो, कुणी साखर कारखान्याच्या कामासाठी येतो. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथे सुरू झाल्यापासून सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाकडचे वकील आणि पक्षकारही फाइली सांभाळत येऊ लागले आहेत. काम आटोपते तेव्हा अंगात त्राण उरलेले नसते. नेमके तेव्हाच कळते की उद्या संध्याकाळी गायन समाज देवल क्लबात जयपूर घराण्याचे गाणे आहे. परतीचे तिकीट काढलेले, घरचे अंथरूण डोळ्यांपुढे आणि आणखी एक रात्र लॉजवर काढायची की नाही हा प्रश्न. वरवर पाहता तो तिकीट बदलण्याचा प्रश्न आहे. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. श्रमाने शिणलेल्या माणसाला अशा श्रवणाचा अधिकार असतो का, आणि ते श्रवण त्याच्या हिताचे, म्हणजे श्रेय, की नुसते सुखाचे, म्हणजे प्रेय? माझे उत्तर असे की अधिकार असतोच, आणि थकवा हे परत फिरण्याचे नव्हे तर थांबण्याचे कारण आहे. मात्र ते गाणे त्याने केलेल्या कामाची मजुरी म्हणून ऐकू नये.

भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात ब्रह्मदेव नाट्याचे प्रयोजन सांगतो. हे कुणासाठी निर्माण झाले ते सांगताना तो दुःखाने पोळलेल्यांचे नाव घेतो, श्रमाने गळलेल्यांचे घेतो, शोकात बुडालेल्यांचे आणि तप करणाऱ्यांचे घेतो. या सर्वांना योग्य वेळी विश्रांती देणारी ही गोष्ट आहे, असे तो म्हणतो. दुपारची झोप काढून, इस्त्रीचे कपडे घालून ताजातवाना आलेला रसिक त्या ठिकाणी आठवलेला नाही. थकलेला कामकरी मात्र तपस्व्याच्या शेजारी बसवला आहे, आणि हा मान लहान नाही. भरताच्या नाट्यात गीत आणि वाद्य अंगभूतच होते, म्हणून हे विधान आजच्या मैफलीपर्यंत आणण्यात ओढाताण होत नाही.

हजारएक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने याच ग्रंथावर टीका लिहिताना रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांतले एक आपल्या प्रवाशाला तंतोतंत लागू पडते. स्वतःच्याच सुखदुःखांनी ज्याला गुंतवून टाकले आहे, त्याची जाणीव दुसऱ्या कशावर टेकूच शकत नाही, असे तो म्हणतो. कामाने दमलेल्या माणसाचे डोके रिकामे नसते, ते गच्च भरलेले असते. साहेबाचा सूर, न जुळलेला हिशेब, कोर्टात पडलेली पुढची तारीख हे सगळे त्यात फिरत असते. अशा माणसाने सभागृहात येऊ नये, असे अभिनवगुप्त म्हणतो का? तो उलट सांगतो. या विघ्नावर उपाय म्हणून तो वाद्ये, गायन, सजवलेला मंडप यांची नावे घेतो, आणि त्यांच्यामुळे ज्याचे हृदय तयार नाही असा माणूसही निर्मळ होऊन सहृदय बनतो, असे म्हणतो. औषध रोग्यासाठी असते, हे त्याने किती सरळपणे मानले आहे!

यावर पहिला आक्षेप वैद्यकाचा आणि व्यवहाराचा. थकलेल्याचे औषध झोप. गीतेचा सहावा अध्यायही अति जागणाऱ्याला योग साधत नाही असेच बजावतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही, पण त्याने उभे केलेले रात्रभराच्या जाग्रणाचे चित्र आता उरलेले नाही. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आणि न्यायालयांची सक्ती यांनी पहाटेपर्यंत चालणाऱ्या जाहीर मैफली जवळपास संपवल्या आणि उत्तररात्रीचे राग पोरके केले. दहाला गाणे संपते. म्हणजे झोप बुडत नाही, दोन-तीन तास पुढे जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे झोपेने नेमके काय भरून येते हे पाहायला हवे. बैलाला रात्री गोठ्यात वैरण घालतात ती उद्याच्या औतासाठी. कामाच्या प्रवासानंतरची आपली झोपही पुष्कळदा तशीच असते. तीन दिवस माणूस हत्यारासारखा वापरला गेला आणि झोपेने ते हत्यार पुन्हा धारेला लावले, एवढेच घडते. झोप हवीच, तिच्याविरुद्ध बोलणे वेडेपणाचे होईल. पण ज्याचा उद्याला काही उपयोग नाही अशा ठिकाणी चित्त टेकवण्याची जी गरज असते, ती झोपेने भागत नाही.

आपल्या प्रदेशाच्या धर्माचाराने हे फार पूर्वी ओळखले आहे. आषाढी वारीत दिवसभर चालून पायांचे तुकडे पडलेले असतात, तरी मुक्कामाचे कीर्तन चुकत नाही. एकादशीला तर उपवास आणि हरिजागर एकत्रच सांगितले आहेत. पंढरपूर गाठणे जमत नाही असे कोल्हापूरकर दिंडीबरोबर नंदवाळला चालत जातात आणि तिथेही शिणलेल्या देहानेच टाळांच्या गजरात उभे राहतात. आधी विश्रांती घ्या, मग नामाला या, असे त्यांना कुणी सांगत नाही. कुणी म्हणेल, ती भक्ती आणि हा तिकिटाचा कार्यक्रम, दोन्ही एका मापाने कसे मोजता? फरक आहेच. पण कोल्हापुरात तरी ही भिंत फार उंच कधी नव्हती. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करीत, आणि शिष्यांना तालीम देत ती याच घराण्याच्या गायकीची. देवीपुढचा गळा आणि मैफलीतला गळा एकच होता. शिवाय याज्ञवल्क्य स्मृतीसारखा धर्मशास्त्राचा ग्रंथ, तोही संन्याशाच्या धर्माविषयी बोलताना, वीणावादन, श्रुती-जाती आणि ताल जाणणाऱ्याला मोक्षमार्ग सुकर होतो असे सांगतो. तेव्हा मैफलीला धर्माच्या अंगणाबाहेर उभे करण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप रसिकाकडून येतो आणि मला तो अधिक टोचतो. जयपूर गायकी बुद्धीची आहे, पेंगणाऱ्याने तिच्यापुढे बसणे हा गायकाचा अपमान आहे, असे तो म्हणतो. ही गायकी काय मागते ते जवळून पाहू. दोन तानपुरे लागत आहेत. जवारीचे सूत केसभर सरकवले की तारेचा आवाज उघडतो, षड्जात पंचम मिसळतो आणि कुजबुज आपोआप थांबते. मग विलंबित तीनतालात बंदिशीचा मुखडा येतो. राग पुष्कळदा जोड किंवा अनवट असतो, बसंती केदार किंवा खोकर. बसंत कुठे संपला आणि केदार कुठे सुरू झाला याची शिवण दिसत नाही. आलाप मोकळा सुटलेला नसतो, मात्रांच्या घरांतून पाय टाकत तो समेकडे येतो. तान सरळ न जाता वळसे घेते आणि सम आता हुकणार असे वाटत असतानाच तिच्यावर अचूक उतरते. हे सगळे धरून ठेवायला शिणलेल्या मेंदूत बळ कुठून आणायचे?

इथे शरीराचा थकवा आणि मनाचा थकवा वेगळे केले पाहिजेत. रात्रपाळी करून आलेल्या, डोळे मिटू लागलेल्या माणसाने जाऊ नये हे खरेच. पण बैठकांनी आणि वादांनी थकलेले मन बळ संपल्यामुळे गळत नाही, ते एकाच रिंगणात फिरून गळते. त्याला सोडवायला मऊ, गुळगुळीत सूर पुरत नाहीत. पार्श्वभूमीला वाजणाऱ्या हलक्या संगीताआड तो हिशेब तसाच चालू राहतो. अवघड गाणे मनाला अशा कामाला लावते ज्यात त्याचा स्वार्थ नाही. पुढची सम शोधता शोधता हातातली तारीख सुटते. पहिली दहा-पंधरा मिनिटे फुकट जातात, जाऊ द्यावीत. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे फक्त अवधान मागतात, विद्वत्ता मागत नाहीत. थकलेल्याजवळही तेवढे असते.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत गंभीर आहे. कठोपनिषदात यम नचिकेताला मृत्यूचा प्रश्न सोडून देण्यासाठी हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य देऊ करतो, आणि त्यातच रथांसह, वाद्यांसह सुंदर स्त्रियाही. हे घोडे तुझेच, हे नृत्यगीतही तुझेच असू दे, असे म्हणून तो मुलगा सगळे परत करतो. मग आपल्या शास्त्राने संगीत प्रेयाच्याच खात्यात टाकले नाही का? मला वाटते, नचिकेताने काय नाकारले ते बारकाईने पाहायला हवे. यमाच्या हातातले गीत ही लाच आहे. ते हत्ती-घोड्यांच्या रांगेत, मालकीच्या वस्तूसारखे उभे आहे आणि विचारणे थांबव या अटीवर मिळते आहे. तीन दिवस राबलो, आता मला एवढे मिळालेच पाहिजे, या भावनेने जो मैफलीत शिरतो तो यमाचीच देणगी घेतो. मग कामही व्यवहार आणि गाणेही व्यवहार, आणि गवयाने अपेक्षेइतका आनंद दिला नाही तर पैसे वसूल झाले नाहीत, असे म्हणत तो लॉजवर परततो.

श्रोत्याची ही हाव काय करू शकते याची एक गोष्ट खुद्द या घराण्याच्या मुळाशी आहे. तरुणपणी आमलेट्याच्या संस्थानिकाने अल्लादिया खाँना दिवसरात्र गायला लावले, इतके की त्यांचा आवाज बसला. तो बऱ्याच काळाने परतला, पण पूर्वीचा राहिला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीशी घट्ट बांधलेली गायकी त्यांनी घडवली आणि 1895 मध्ये शाहू महाराजांच्या दरबारात येताना तीच घेऊन आले. आपण तिचे वैभव गातो. पण एका रसिकाच्या अतृप्तीपायी एका माणसाचा गळा गेला होता हे विसरणे बरे नव्हे. मंचावर बसलेला कलावंतही कामाच्या प्रवासावरच असतो. तोही कुठल्या तरी गाडीने आंबून आलेला असतो.

रेकॉर्डिंग आहे की, असे म्हणणाऱ्याला याच घराण्याचा इतिहास उत्तर देतो. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर चढली आणि आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहे, पण तीही साडेतीन मिनिटांची. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे ऐकायला एकही ध्वनिमुद्रिका हाती नाही. 1895 ते 1922 या काळात दरबारी कामाला कोल्हापुरात येऊन, गाणे न ऐकता टांग्यात बसून परत गेलेल्यांना ते मग कशानेच भरून काढता आले नसेल. फोनवरच्या गाण्याचा मी द्वेष करीत नाही, पुष्कळांना तेवढाच आधार असतो. पण ते हवे तेव्हा थांबवता येते, आणि थांबवता येते म्हणूनच त्याच्यापुढे आपले चित्त आपल्या हुकमाखालीच राहते. मैफलीत तो हुकूम काही वेळ दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो.

कामाच्या दौऱ्यात कामापुरतेच पाहावे, असा एक शिस्तीचा विचारही आहे. पण 1902 मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. राजाच्या आजारपणामुळे जूनमधला समारंभ ऑगस्टवर गेला. दौरा सरकारी होता. त्या प्रवासात रोमचे कलोसियम पाहून खासबाग कुस्ती मैदानाची कल्पना सुचली, असे कोल्हापूरकर सांगतात. त्या मैदानाला लागून 1915 मध्ये पॅलेस थिएटर पुरे झाले, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळाले, तेव्हा गावाला घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. दौऱ्याला जोडून असे काही पाहणारे सगळेच थिएटर बांधत नाहीत, बांधायची गरजही नाही. वाढीव रात्रीचा खर्च मात्र स्वतःच्या खिशातून करावा. टीएच्या बिलात ती घुसवली की ती पुन्हा कामाचीच होते.

उरतो घराचा हक्क, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. घरी आजारी माणूस असेल, लेकराला दिलेला शब्द असेल, सगळा भार एकटीने उचलून दमलेली बायको वाट पाहत असेल, तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडावी. तिथे अभिनवगुप्त आडवा येत नाही. बायको कामाच्या दौऱ्यावर असेल आणि घर नवरा सांभाळत असेल तेव्हाही हिशेब हाच. आजवर दौऱ्याला जोडून एक संध्याकाळ घेण्याची मुभा बहुतेक पुरुषांनीच भोगली आहे. ज्याने ती घेतली त्याने घरच्या माणसालाही तशी संध्याकाळ मोकळी करून दिली पाहिजे, नाहीतर त्याचा सगळा युक्तिवाद ऐषारामाचा वकील ठरतो. तसाच कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर. पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटर गाडी हाकून, तीन दिवस कारखान्याच्या गेटबाहेर थांबून तो आपल्याइतकाच थकला आहे. साहेब आत षड्ज ऐकत असताना त्याने पार्किंगमध्ये सीट मागे करून पडावे, हे भरताला धरून होत नाही. आपली वाढीव रात्र ठरवण्याआधी त्याला विचारावे. त्याला गाणे ऐकायचे असेल तर त्याचेही तिकीट काढावे, घरी जायचे असेल तर गाडी घेऊन जाऊ द्यावे आणि आपण सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी धरावी.