पोलिसाचा खून आणि न्यायाधीशाचे हात

२ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री लंडनलगतच्या क्रॉयडनमध्ये दोन पोरं चोरीसाठी एका गोदामाच्या छपरावर चढली. ख्रिस्तोफर क्रेग सोळा वर्षांचा, डेरेक बेंटली एकोणीसचा. पोलीस आले. बेंटलीला एका डिटेक्टिव्हने लगेच धरलं. क्रेग मात्र रिव्हॉल्व्हर चालवत राहिला. काही वेळाने जिन्याच्या दारातून छपरावर पाऊल टाकणारे कॉन्स्टेबल सिडनी माइल्स डोक्यात गोळी लागून कोसळले. क्रेग अठराच्या आतला, म्हणून त्याला फाशी देता येत नव्हती. १९६३ मध्ये तो तुरुंगातून बाहेरही आला. ज्याने गोळी झाडली नव्हती त्या बेंटलीला २८ जानेवारी १९५३ रोजी फासावर चढवलं. तो मंदबुद्धी होता. ज्युरीने त्याच्यासाठी दयेची शिफारस केली होती. पण खुनाला तेव्हा फाशी हीच एक शिक्षा होती आणि गृहमंत्री बधले नाहीत. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने त्याला दोषी ठरवणारा निकालच रद्द केला.

माइल्स त्या छपरावर स्वतःच्या कामासाठी गेले नव्हते. समाजाच्या वतीने धोक्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला मारणं हा अधिक गंभीर गुन्हा आहे, आणि कायद्याने ते ठणकावून सांगावं. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गुन्हा गंभीर मानायचा म्हणजे न्यायाधीशाचे हात बांधायचे का?

ब्रिटनने याची उत्तरं वेळोवेळी बदलली. १९५७ च्या कायद्याने फाशी मोजक्या खुनांपुरती उरली. त्यांत कर्तव्यावरच्या पोलिसाचा खून होता. १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी थांबली. पुढच्याच ऑगस्टमध्ये लंडनच्या ब्रेब्रुक स्ट्रीटवर तीन पोलीस मारले गेले आणि फाशी परत आणा, अशी हाकाटी झाली. ती परतली नाही. मुख्य आरोपी हॅरी रॉबर्ट्सला किमान तीस वर्षांची शिफारस असलेली जन्मठेप झाली. प्रत्यक्षात तो २०१४ पर्यंत, म्हणजे ४८ वर्षं तुरुंगात राहिला. त्यानंतर २०१५ मध्ये, अशा खुनासाठी मरेपर्यंत तुरुंगवासापासूनच शिक्षेचा विचार सुरू करावा, असं ठरलं.

यात एक फट राहिली. २०१९ मध्ये बर्कशायरमध्ये चोरांच्या गाडीमागच्या दोरात पाय अडकून अँड्र्यू हार्पर हे तरुण पोलीस मैलाहून अधिक फरफटत गेले आणि मृत्युमुखी पडले. लग्नाला जेमतेम चार आठवडे झाले होते. ज्युरीने खून न मानता सदोष मनुष्यवध मानला. चालकाला सोळा आणि दोन साथीदारांना प्रत्येकी तेरा वर्षं. पत्नी लिसी हार्पर यांनी लढा दिला आणि २०२२ मध्ये अशा मनुष्यवधालाही जन्मठेप सक्तीची झाली. त्यांचा संताप पूर्ण न्याय्य होता. तरीही, अपवादात्मक परिस्थितीत न्यायाधीशाला वेगळा विचार करता येईल, एवढी जागा त्या कायद्याने राखली, हे फार बरं झालं.

भारतात ही जागा राखण्याचं काम न्यायालयांनी केलं. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात वकील डॉ. चितळे यांनी शिक्षा वाढवू शकणाऱ्या बाबींची यादी मांडली. तीत कर्तव्यावरील पोलिसाचा खून होता. सर्वोच्च न्यायालयाने ती सर्वसाधारणपणे मानली, पण न्यायाधीशांच्या विवेकाला बेड्या घालायला नकार दिला. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने भारतीय दंडविधानाचं कलम ३०३ घटनाबाह्य ठरवलं. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, असं ते कलम सांगे, आणि तुरुंग कर्मचाऱ्यांचं संरक्षण हाच त्यामागचा मुख्य हेतू होता. हेतू चांगला असूनही ते टिकलं नाही.

म्हणून गुन्हेगार सुटले का? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि तो जिवंत सापडला. पोलिसांसाठी वेगळं सक्तीचं कलम नसतानाही, रीतसर खटला चालून २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला येरवड्यात फाशी झाली.

महाराष्ट्राने दुसरीच वाट धरली. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला हेल्मेट नसलेल्या अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवणारे वाहतूक पोलीस विलास शिंदे डोक्यात घाव बसून काही दिवसांनी गेले. पोलिसांवरच्या हल्ल्यांची चर्चा तापली. पुढे राज्याने कलम ३५३ ची, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी केलेल्या हल्ल्याची किंवा बळजबरीची शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली. पण हे कलम खुन्यासाठी नव्हतंच. त्याच्यासाठी फाशी आणि जन्मठेप आधीपासून होतीच. ३५३ चा धाक बसायचा तो तहसील कचेरीत हुज्जत घालणाऱ्या शेतकऱ्याला आणि रुग्णालयात आवाज चढवणाऱ्या नातेवाइकाला. शिंदे यांच्या सहकाऱ्यांना त्याने रस्त्यावर काय जास्तीचं संरक्षण मिळालं?

१ जुलै २०२४ पासून दंडविधानाऐवजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये ती शिक्षा दोन वर्षांचीच आहे. खुनाच्या कलम १०३ मध्ये पोलिसांसाठी वेगळी तरतूद नाही. ती आणायची मागणी उद्या झालीच, तर चितळे यांची यादी जरूर कायद्यात यावी. सक्तीची शिक्षा मात्र बेंटलीच्या खटल्याचे कागद वाचल्याशिवाय कुणी मांडू नये.