बरा झालेला मनुष्य कोणाच्या घरीं जाईल?

वाचावयाचा भाग : मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय ५, वचनें १ ते २०.

या भागावर उपदेश करितांना आम्ही पाळक बहुधा डुकरांच्या कळपापाशींच थांबतों. आज थोडें पुढें जाऊं. तो मनुष्य वस्त्रें नेसून शुद्धीवर बसला होता. तें पाहून गांवकऱ्यांना आनंद व्हावा, तों त्यांना भीति वाटली! तो कबरांमध्यें ओरडत असे, त्याला बेड्या घालीत, तो त्या तोडी. हें सर्व त्यांच्या अंगवळणीं पडलें होतें. बऱ्या झालेल्या मनुष्याचें काय करावें, हें मात्र त्यांना कळेना.

आमच्या गांवांतून निराळें काय चालतें? घरांत कोणाला वेड लागलें म्हणजे त्याला मागच्या खोलींत कोंडतात, आणि बहिणीची सोयरीक मोडूं नये म्हणून तो मुंबईस आहे असें सांगतात. कोणी म्हणतो बाहेरचें लागलें, कोणी म्हणतो बापाचें पाप फिरलें. कित्येक ख्रिस्ती घरांनीं अंगारा सोडला पण काठी सोडली नाहीं, हें लिहितांना आम्हांस दुःख होतें. भूत काढण्याच्या नांवानें आजाऱ्याला उपाशी ठेवितात, मारितात. मत्तय आपल्या चौथ्या अध्यायांत भूतग्रस्त व फेफरेकरी यांची गणना वेगवेगळी करितो, हें त्यांनीं वाचावें. आणि मार्काच्या तिसऱ्या अध्यायांत प्रत्यक्ष प्रभूलाच त्याच्या आप्तांनीं भ्रमिष्ट ठरविलें, हेंहि आपण सर्व सोयीनें विसरतों.

साखळीचा शेवट या देशानें पाहिला आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहांटे तमिळनाडूंतील एरवाडी येथें मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली. रोगी साखळ्यांनीं बांधलेले होते. त्यांना पळतां आलें नाहीं; २८ जण मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रोग्याला साखळीनें बांधण्याची मनाई केली आहे.

स्किझोफ्रेनिया नांवाचा रोग जगांत सुमारें ३०० माणसांत एकाला असतो. रोग्याला नसलेले आवाज ऐकूं येतात, आपलींच माणसें वैरी वाटतात. औषधांनीं पुष्कळांस आराम पडतो, परंतु तीं दीर्घकाळ घ्यावीं लागतात. औषध घेणें म्हणजे अविश्वास नव्हे. लूक स्वतः वैद्य होता. ठाणें, पुणें, नागपूर व रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत, आणि १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य सल्ला मिळतो.

कर्जत येथें डॉ. भरत वाटवानी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून उपचार करितात, व बरे वाटल्यावर त्यांच्या घरीं पोहोंचवितात. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टर दारापर्यंत आणील. दार मात्र आंतल्यांनींच उघडावें लागतें.

गरसेकरांच्या प्रदेशांतील त्या मनुष्यानें प्रभूबरोबर होडींतून जाण्याची विनंति केली. कां न करील? ज्या गांवानें त्याला बेड्या घातल्या, त्या गांवांत तोंड कसें दाखवावें? पण प्रभूनें त्याला जवळ ठेवून घेतलें नाहीं. त्याला त्याच्याच माणसांत परत पाठविलें. तीं माणसें आज आपण आहों.

ज्या घरीं असा कोणी आहे, तेथें पाळकानें किंवा उपदेशकानें याच आठवड्यांत जावें. प्रथम आजाऱ्याशीं त्याचें नांव घेऊन बोलावें, मग त्याच्या आईशीं. प्रार्थना करावी; आणि उठण्यापूर्वीं औषध केव्हां संपतें व तें आणावयास कोण जातें, हें विचारावें.