आधीं टांका, मग कातर



सोलापूर हें मागांचें गांव आहे. येथें १८७७ सालीं पहिली कापडाची गिरणी निघाली. ती आज चालत नाहीं, तरी यंत्रमागांचा खडखडाट अद्यापि ऐकूं येतो, आणि सोलापुरी चादर दूरदूरच्या घरीं जाते. चादर एकसंध विणलेली असते. परंतु आमच्या खेड्यांतील मायबहिणी जी गोधडी शिवितात, ती तुकड्यांची असते: कोठें जुनें लुगडें, कोठें विटलेलें धोतर, कोठें लेंकराचा सदरा. आमच्या मंडळ्या चादरीसारख्या नसून गोधडीसारख्या आहेत. आम्हांपैकीं पुष्कळ जण कोठून तरी कापले जाऊन येथें आलों आहों. म्हणून आज गोधडीपासूनच एक धडा घेऊं.

निरनिराळ्या नमुन्यांचे चौकोन जोडून जी गोधडी करितात, तींत एक चौकोन भिरभिऱ्याचा असतो. जत्रेंत मुलें जें कागदी भिरभिरें घेतात, तशीच ह्याची आकृति. नवशिकी बाई प्रथम कातर घेते, कापडाचे त्रिकोण कापिते, आणि मग ते जोडूं पाहते. तेव्हां कापड तिला दगा देतें. ह्याचें कारण विणकरास ठाऊक आहे. उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या ओळीनें कापलेली कड टिकते. तिरपी कापलेली कड थोड्याशा ओढीनेंहि ताणते. मग टोंकें जुळत नाहींत, आणि चौकोन मध्यें फुगतो.

अनुभवी बाई असें करीत नाहीं. ती एक फिका व एक गडद असे सारख्या मापाचे दोन चौकोन सुलट बाजू आंत करून एकमेकांवर ठेविते. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढिते. रेघेच्या दोहों बाजूंस पाव पाव इंचावर धावदोरा घालिते. आणि मगच रेघेवर कातर चालविते. उलगडल्यावर दोन दुरंगी चौकोन मिळतात. असें दोनदां केलें कीं चार होतात, आणि भिरभिरें जुळतें. कड येथेंहि तिरपीच आहे. परंतु कापली जाण्यापूर्वीं ती धरिली गेली आहे.

आमच्या प्रभूची रीत हीच होती. यरीहो येथें जक्कय उंबरावर चढला होता. प्रभूनें त्यास खालीं बोलाविलें आणि त्याच्या घरीं उतरला. लोक कुरकुरले. परंतु त्या भेटीनंतर जक्कयानें आपलें अर्धें द्रव्य गरिबांस देण्याचें कबूल केलें. आधीं टांका पडला, मग कातर चालली.

आणि आम्ही काय करितों? एखादा मनुष्य सुवार्ता ऐकूं लागला कीं त्यास सोडावयाच्या गोष्टी मोजून दाखवितों: दारू सोड, नवस सोड, भावकीची पंगत सोड. तो सोडितो, भावकी त्याला टाकिते. मग रविवारीं तो दाराजवळ बसतो, आणि उपासनेनंतर त्यास जेवावयास कोणी बोलावीत नाहीं. त्याचें लेंकरूं तापानें फणफणलें असतां रात्रीं उशाशीं कोणी बसत नाहीं. पुढें तो वांकडा झाला म्हणजे आम्ही म्हणतों कीं ह्याचा विश्वास कच्चा होता. बंधूंनो, कड ओढली कोणीं? हा दोष आम्ही दुसऱ्यांवर ढकलीत नाहीं. आमच्या हातूनहि असे तुकडे वायां गेले आहेत.

कांहीं जण आधींच कापले जाऊन येतात: टाकलेली बाई, घराबाहेर काढलेला मुलगा. असा तुकडा हातीं आला असतां शहाणी बाई त्यास ओढीत नाहीं. सपाट ठेवून, टांचणी लावून, हळू हातानें शिविते.

तर गांवोगांवच्या उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारापूर्वीं अशा एका घरीं जा. उपदेश करावयास नव्हे, तर त्यांच्याबरोबर भाकर खावयास. आणि ज्यानें आम्हांस आम्ही परके असतांनाच धरिलें, त्याजपाशीं धीराचा हात मागा. आमेन.