भिंतीपलीकडचा शेजारी

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तेथपासून ऑगस्टच्या प्रारंभापर्यंत माध्यान्हीचे ऊन किंचित उत्तरेकडून येते. १८८४ साली पुऱ्या झालेल्या नव्या राजवाड्याने उन्हापुढे जाड दगडी भिंत उभी केली. सामान्यांच्या घरांना पडवी होती. आता बांधायच्या घराचे संगणकीय प्रतिमान तयार करून त्यात गावाचा अक्षांश आणि वर्षभराचे तासातासांचे हवामान घातले, की कोणती भिंत केव्हा तापेल, छज्जा किती पुढे घ्यावा, हे पाया खणण्यापूर्वीच कळते. बहुधा पश्चिमेची भिंत गुन्हेगार ठरते. मावळतीचे तिरपे ऊन छज्ज्याला जुमानत नाही. पडद्यावर भिंत फिरवायला खर्च येत नाही. या विद्येचे आम्ही स्वागतच करतो.

तरी एक गोष्ट सलते. प्रतिमानाचा हिशेब बहुधा कुंपणापाशी संपतो. २०१८ च्या इको निवास संहितेने, थंड प्रदेश वगळता, भिंती व खिडक्यांवाटे आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटची मर्यादा घातली, हे योग्यच झाले. पण बाहेर टाकलेल्या उष्णतेचे काय? वातानुकूलन यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही, हलवते. खोलीतील तीन भाग उष्णता काढण्यास त्याने एक भाग वीज घेतली, तर बोळात चार भाग पडतात. पडद्यावरचे घर निळे, शीतल दिसत असते. पलीकडे पत्र्याच्या खोलीतील बाळंतीण पदराने वारा घेत असते. शेजारचे घर प्रतिमानात नसते असे नाही. असते, पण केवळ सावली देणारा ठोकळा म्हणून. त्यात माणसे नसतात.

हा दोष यंत्राचा नव्हे. विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर ते देते. ‘माझा शेजारी कोण?’ असे नियमशास्त्राच्या एका पंडिताने येशूला विचारले, तेव्हा त्यालाही बहुधा हद्दच आखून हवी होती. त्याला वाटेवर पडलेल्या जखमी माणसाची गोष्ट ऐकावी लागली.

आमच्या घराच्या यंत्राचा बाहेरचा डबा शेजाऱ्यांच्या खिडकीसमोरच आहे. तो गच्चीवर हलवण्यास किती खर्च येईल, हे आम्ही कालपर्यंत कोणाला विचारलेही नव्हते.